तिचा आवाज

पंधरा वर्षं पडद्यावर चेहरा ओरिएत्ताचा आणि डबिंगमध्ये आवाज निवेसचा. रोममध्ये याचं कुणालाच नवल नव्हतं. पण आता आपले संवाद आपणच बोलायचे, असं ठरवून ओरिएत्तानं नव्या निर्मात्याला फोन लावला.

"मी ओरिएत्ता बोलतेय."

"बाई, थट्टा पुरे! ओरिएत्ताचा आवाज मी झोपेतही ओळखीन," म्हणत त्यानं फोन आपटला. तिसऱ्यांदाही तेच.

खोलीभर येरझाऱ्या घालून शेवटी तिनं निवेसलाच फोन केला. "अगं, माझ्यासाठी एवढा एक फोन कर. त्याला सांग, यापुढे माझा आवाज मीच देणार."





पलीकडून निवेसनं नेहमीसारखंच विचारलं, "चिडून सांगू, की रडत?"