एक्केचाळीस मिलिमीटर

"आज एक्केचाळीस," दिपमाला फोनवर म्हणाली. "काल तेहेतीस होते."

"परवा तपासणी आहे," मॅनेजर प्रेमराज म्हणाले. "मोजमापासकट अहवाल द्या. चार वाजता कादरला गेटबाहेर काढतो."

नरडाण्याच्या एमआयडीसीतल्या त्या आवारात सात मीटरची डिश अँटेना उभी होती. ती वळवायला दोन मोटरी, प्रत्येकीला स्वतःचा छोटा संगणक. दोन्ही संगणक एकमेकांचे आकडे तपासत. ही रचना दिपमालाचीच. रोज डिशवरचा कॅमेरा समोरच्या, उंच खांबांवर उभ्या पाण्याच्या टाकीवरच्या लाल खुणेवर रोखायचा आणि मगच कामाला लागायचं. सहा दिवसांपासून डिश खूण चुकवत होती, रोज थोडी जास्त.

दोन्ही संगणकांच्या नोंदी निर्दोष होत्या. म्हणजे गडबड मोटरीच्या पुढे, गिअरमध्ये. गिअरच्या झाकणाची किल्ली एकट्या फिटर कादरभाईंकडे. गेल्याच महिन्यात त्यांची फोरमनची जागा दुसऱ्याला मिळाली होती.

"काल झाकण कशाला उघडलं, कादरभाई?" दिपमालाने त्यांना बोलावून विचारलं.

"ग्रीस भराले. गिअर बठ्ठा बराबर शे, मॅडम."

"मग डिश का सरकते?"

"तुमचे दोन्ही कंप्युटर शहाणे, अन् चोर एकला मी?" ते हसले.

ती हसली नाही. "किल्ली द्या. साहेब येईपर्यंत डिशजवळ थांबू नका."

"एवढ्या उन्हात बसू कुठे?"

"टाकीखाली सावली आहे."

किल्ली टेबलावर ठेवून ते गेले. वीस वर्षांची नोकरी होती.

अहवालात दुसऱ्या खुणेवरच्या मोजमापाचाही रकाना होता. एरवी तो कुणी भरत नसे. टाकी जवळ होती, ठळक होती, सवयीची होती. पण माणसाची नोकरी घालवायची तर कागद पक्का हवा. तिने डिश टेकडीवरच्या सर्व्हेच्या दगडी खांबाकडे वळवली.

फरक शून्य.

तिने पुन्हा मोजलं. शून्य. डिश परत टाकीकडे वळवली. त्रेचाळीस.

तिने डिशच्या दोन्ही मोटरी बंद केल्या आणि पडद्याकडे बघत राहिली. चव्वेचाळीस. सेहेचाळीस. डिश जागची हलली नव्हती.

खिडकीबाहेर, टाकीच्या खांबाला पाठ टेकून कादरभाईंचा डोळा लागला होता.