किती वर्षांसाठी

"तुमच्या उपजीविकेचं स्वरूप सांगा," खिडकीपलीकडचा अधिकारी म्हणाला.

न्युंगला शब्द कळले, पण तोंडातून काही निघेना. व्हिएतनामहून येऊन चेकियातल्या लिबेरेत्स शहराच्या व्रातिस्लावित्से भागात तिनं कपडे दुरुस्तीचं दुकान टाकलं, त्याला सहा वर्षं होत आली होती. आठवडाभर तिनं चेक भाषेतली उत्तरं घोकली होती. आता त्यातलं एक अक्षर आठवत नव्हतं.

"अहो, ती शिवते," शेजारी बसलेल्या ब्लाझेनाबाई म्हणाल्या. दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्या एकट्या राहत. धीर द्यायला म्हणून आल्या होत्या. "माझा एकूण एक परकर तिनंच..."

"आजी, तुम्ही बोलायचं नाही. त्यांनी बोलायचं."

ब्लाझेनाबाईंनी ओठ घट्ट मिटले, पण मान हलवायची थांबवली नाही.

"कागद तुमचे ठीक आहेत," अधिकारी न्युंगला म्हणाला. "पण दुकानाचा परवाना एकाच्या नावावर आणि काम करतो दुसराच, असं पुष्कळदा निघतं. दुकान खरोखर तुम्हीच चालवता, हे मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. सांगा."

न्युंगनं गळ्यातल्या स्कार्फच्या गोंड्यांशी चाळा सुरू केला. इथं राहायच्या परवान्याला नकार आला तर दुकानाला कुलूप, आणि मग सामान बांधायचं, एवढंच तिला दिसत होतं.

अधिकाऱ्यानं घड्याळाकडे पाहिलं. मग सुस्कारा टाकून तो उठला आणि कपाटावरची फाइल काढायला त्यानं हात वर केला. त्याच्या कोटाची पाठ सगळी वर चढली.

"ही बाही कुणी केली?" न्युंगनं विचारलं.

"काय?"

"डावी बाही. अर्धं बोट लांब आहे. आणि आतलं अस्तर ओढतंय, म्हणून हात वर नेला की पाठ चढते."

तो फाइल हातात धरून तसाच उभा राहिला. "माझ्या बायकोनं केली."

ब्लाझेनाबाईंनी डोळे मिटून घेतले.

न्युंगचे कान तापले, पण जीभ आता थांबायला तयार नव्हती. "टाके चांगले आहेत त्यांचे. अगदी बारीक आहेत. फक्त मनगटाकडून आखूड केली, ती खांद्यातून करायला हवी होती. आणि तुमचा डावा खांदा उतरलाय. बॅग त्याच बाजूला अडकवता ना? मग दोन्ही बाह्या सारख्या मापाच्या करून कसं चालेल?"

अधिकाऱ्यानं एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे. मग तो खाली बसला आणि त्यानं पेन उचललं.

"काल कुणाचं काम केलंत?"

"एक आजोबा आले होते. बायकोचा कोट घेऊन. ती हिवाळ्यात वारली. म्हणाले, हा मला बसेल असा करून दे."

"बसला?"

"कुठला! ती एवढीशी होती. उसवून उसवून किती उसवणार? मग मी म्हटलं, आजोबा, याची मी बंडी करते. तुमच्या कोटाच्या आतून घाला. बाहेरून कुणाला दिसायची नाही, आणि ऊब लागेल." तिनं छातीवर दोन्ही हात ठेवून बंडी कुठवर येईल ते दाखवलं. "बटणं मात्र तिचीच ठेवली. काजं नवी केली. बायकांची बटणं उलट्या बाजूला असतात ना, आजोबांना लावता येईनात."

अधिकारी लिहायचा थांबला होता. त्यानं चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि कागद चाळले. मग त्यानं शिक्का उचलला आणि दोन ठिकाणी उमटवला.

"मंजूर," तो म्हणाला. "इथं सही करा."

न्युंगनं सही केली. मग दर खेपेला विचारायची तसंच तिनं विचारलं, "किती वर्षांसाठी?"

"वर्षं नाहीत आता. कायमचं." तिला कळलं नाही असं वाटून तो पुन्हा सावकाश म्हणाला, "कार्ड दहा वर्षांनी बदलावं लागेल. तुम्हाला कुठं जावं लागणार नाही."

"आता बोलू का मी?" ब्लाझेनाबाईंनी विचारलं.

"बोला."

बाई खुर्चीवरून उठल्या. त्यांनी नुसतंच न्युंगचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि गदागदा हलवलं.

परतीच्या ट्राममध्ये दोघींना खिडकीजवळ जागा मिळाली. ट्राम सुटते न सुटते तोच न्युंगची मान कलली. गुडघ्यावरचं कागदांचं पाकीट तिच्या हातातून सुटलं. ब्लाझेनाबाईंनी ते वरच्यावर पकडून आपल्या पिशवीत घातलं. न्युंग तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखी घोरत होती.

व्रातिस्लावित्सेचा थांबा आला. गल्लीतला पाववाला ट्रामच्या दारापाशी उभा होता. त्यानं हाक मारली, "ब्लाझेनाबाई, थांबा आला! उठवा की तिला. दुकान नाही का उघडायचं आज?"

"हळू बोल रे," ब्लाझेनाबाई कुजबुजल्या. "उघडेल की सावकाश. आता ते कुठं पळून जातंय!"

दारं बंद झाली, आणि ट्राम दोघींना घेऊन पुढं निघाली.