मास्तरांचा परवलीचा शब्द

"वही कबरीत आहे," तमांदा म्हणाली.

तंत्रज्ञाच्या हातातला पाना तसाच राहिला. पहाटे राजधानी लिलाँग्वेहून निघून त्यानं शाळेच्या छपरावर आठ नवे सोलर पॅनल चढवले होते. वीज आली, बारा संगणक जागे झाले. त्यांतल्या मास्तरांच्या संगणकानं परवलीचा शब्द मागितला. तो फक्त त्या वहीत लिहिलेला. सगळे धडे त्याच्याच पोटात. बाकीचे अकरा कोरे, त्याच्याच जोरावर चालणारे.

मास्तर म्हणजे तमांदाचे वडील. त्यांना जाऊन सहा आठवडे झाले होते. इथली रीतच अशी, माणूस जे जपतो ते त्याच्याबरोबर कबरीत जातं. मास्तरांबरोबर त्यांचा कप गेला, घोंगडी गेली आणि ती वही.

"चोर मास्तर!" म्वालेआजोबा दारातून ओरडले. "शाळेचा माल घेऊन पळाला! तरीच म्हटलं, एवढा काटकुळा माणूस, पेटी जड कशी?"

खिडकीत दाटलेली पोरं हसली. मास्तरांची कबर त्यांनीच खणली होती, आणि इथे कबर खणणाऱ्याला मेलेल्याची थट्टा करायची मुभा असते. तमांदाही हसली.

मुख्याध्यापिका मात्र चिडल्या. "आजोबा, आत काय जातंय ते बघायचं नाही का?"

"आम्ही माती लोटतो, बाई. वस्तू घरचे देतात."

"मीच ठेवली," तमांदा म्हणाली. "उशाशी. वहीशिवाय त्यांना झोप लागायची नाही."

 म्वालेआजोबा आत आले, तिच्यासमोर उकिडवे बसले. आता त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती.

"पोरी, आजवर कुणी कबर उघडली नाही. पण तू नुसती मान हलव. मुलांसाठी उघडू."

"सहा आठवडे पाऊस पडतोय, आजोबा."

त्यांनी मान खाली घातली. कागदाचा लगदा झाला असणार. त्यापुढचं कुणाला बोलायचं नव्हतं.

"डिस्क काढून बघितली तर?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"कुलूप डिस्कलाच आहे." तंत्रज्ञ तमांदाकडे वळला. "ताई, गाडी दोनला निघेल. पुन्हा कधी पाठवतील, देव जाणे. सगळं पुसून टाकलं तर आत्ताच्या आत्ता चालू करून देतो. माझ्याकडचे धडे भरतो. इंग्रजी आहेत, पण चांगले आहेत. ह्याच्यात काय होतं?"

"धडे. बाबांच्या आवाजातले. आमच्या भाषेत."

चार वर्षं मास्तर रोज थोडं थोडं बोलून ठेवत होते. जुनी बॅटरी दहा मिनिटांत मान टाकायची. त्यामुळे एकही धडा शेवटपर्यंत कुणी ऐकला नव्हता. तमांदानंही नाही. नवे पॅनल येऊ देत, मग निवांत ऐकू, असं ते म्हणायचे.

खिडकीत एक मुलगी दुसरीच्या खांद्यावर चढली होती. खालच्या मुलीला आत काय चाललंय ते दिसत नव्हतं, तरी ती हसत होती.

"पुसा," तमांदा म्हणाली.

अर्धा तास लागला. मग पडदा उजळला आणि एक हत्ती सोंड हलवत इंग्रजीत अंक मोजू लागला. खिडकीत एकच गलका झाला.

तंत्रज्ञ हात पुसत उठला. पाहुण्याचे आभार मानल्याशिवाय त्याला जाऊ कसं द्यायचं? आणि पहिला मान मास्तरांच्या घराचा. गलका थांबला. सगळे तिच्याकडे बघू लागले.

तमांदा गुडघे टेकून खाली बसली, हातांची ओंजळ केली आणि इथल्या रीतीनं आभाराच्या टाळ्या वाजवू लागली.