बिनढोलाचा नाच

भय्याजी पाया पडायला वाकले तेव्हा दारात खुर्चीवर बसलेल्या लहानू मेश्रामांनी पाय मागे घेतले नाहीत. आशीर्वादाचा हातही वर केला नाही. भय्याजी वाकलेलेच राहिले. मोबाइल धरून उभा असलेला कार्यकर्ता डोक्यावर हात पडायची वाट पाहत होता, कारण त्याशिवाय फोटोला शोभा नाही.

निवडणूक आली की खुर्सीपारच्या या मराठी गल्लीत म्हाताऱ्यांच्या पायांना फार मान येतो. नळाला पाणी का नाही हे विचारायला गेलेल्यांना पाच वर्षं फाटकाबाहेर उभं ठेवणारे पार्षद, म्हणजे इथले नगरसेवक, आता दिसेल त्या उंबरठ्यावर वाकतात. भय्याजींना तर या दिवसांत मराठीही आठवते.

"जयभीम, लहानूकाका," अखेर आपणच सरळ होत ते म्हणाले आणि सोबतच्या लोकांकडे वळले. "काका तो अपने घर के. मागच्या वेळी माझ्या विजय जुलूसमध्ये स्वतः नाचायला आले होते. मी माझ्या हातानं गुलाल लावला यांना. आठवते न काका?"

"आठवते," लहानू म्हणाले.

गल्लीलाही आठवत होतं. त्या दिवशी जुलूसच्या मागे ॲम्ब्युलन्स अडकली होती. आत लहानूंची बायको कमला होती, श्वास लागलेली. लहानू खाली उतरले, गर्दीत घुसले आणि जीपच्या बॉनेटवर नाचणाऱ्या भय्याजींना हात जोडून वाट मागू लागले. डीजेच्या दणदणाटात कोणाला काय ऐकू येणार? जोडलेले हात पाहून भय्याजींना वाटलं, अभिनंदन करायला आलेत. त्यांनी वाकून लहानूंच्या तोंडाला गुलाल फासला आणि दंड धरून त्यांना दोन-चार वेळा गदागदा हलवलं. दवाखान्यात डॉक्टरनं लहानूंना आधी तोंड धुऊन यायला सांगितलं. ते धुऊन आले तोवर सगळं संपलं होतं.

लहानूंनी जन्मात कोणाचं वाईट चिंतलं नव्हतं. या एका माणसाचं मात्र चिंतलं, रोज आणि मनापासून.

भय्याजी मुद्द्यावर आले. यंदा लढत अटीतटीची आहे, लहानू सांगतील तिकडे ही गल्ली जाते हे सगळ्या वॉर्डाला माहीत आहे, काकांनी एक शब्द टाकावा. लहानूंनी शांतपणे ऐकून घेतलं. वोटांचं पाहू म्हणाले. फक्त त्याआधी आपली एक इच्छा आहे म्हणाले.

"त्या दिवशी नाचून राहिला होता तसा नाच. इथं, माह्या दारात."

भय्याजी हसले, म्हणून कार्यकर्तेही हसले. प्रचारासाठी सोबत आणलेल्या ढोलवाल्यानं काठी उचलली. लहानूंनी बोटानंच त्याला थांबवलं.

"बाजा नाही पाहिजे. मले नीट पाहू दे."

मग पार्षदसाहेब बिनढोलाचे नाचले. आधी हसत हसत, नुसते हात हलवून. दारादारांत उभ्या असलेल्यांपैकी कोणीच हसत नाही हे लक्षात आल्यावर जरा जोर लावून. चपला फटफट वाजत होत्या, झब्बा पोटावर चढत होता. लहानूंची सून करिष्मा हात पुसत बाहेर आली आणि चौकटीला टेकून पाहत राहिली. डिसेंबरातही भय्याजींना घाम फुटला.

"बस न, काका?"

लहानू खुर्चीवरून हलले नाहीत. "मी नाचाले नव्हतो आलो. तुले हात जोडून वाट मागत होतो. मागं ॲम्ब्युलन्समध्ये माही बायको मरून राहिली होती, अन् तू मले गुलाल लावला."

भय्याजींचे पाय थांबले. कार्यकर्त्यानं मोबाइल खाली घेतला. ढोलवाला जमिनीकडे पाहू लागला. आपल्याला खरंच काही माहीत नव्हतं, असं काहीतरी भय्याजी पुटपुटले. लहानूंनी ते ऐकून घेतलं नाही.

"थांबला कावून? मी तुले थांब म्हटलं का? वोट पाहिजे न गल्लीचे?"

भय्याजींनी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. प्रत्येक दारात माणसं उभी होती. त्यांनी हळूहळू दोन्ही हात वर नेले आणि एक पाय उचलला.