बायजाची सही

नागावच्या वाडीत सकाळचे ऊन सावकाश उतरे; आधी माडांच्या शेंड्यांना लागे, मग पोफळींच्या अंगावरून ओघळत पडवीच्या पायरीपर्यंत येई आणि तिथे पाटीवर वाकलेल्या बायजाच्या पांढऱ्या केसांवर थबके.

अंगठा कोणीही धरून कुठेही उठवतो, तुझ्या नावावर कोणी तुला लुबाडू नये, असे सांगून श्रीनिवास आपल्या या वृद्ध कुळाला सही शिकवत होता.

“आता वाचाया कवा शिकवाल, भाऊ?” तिने एकदा विचारले.

“पावसाळ्यानंतर,” तो पाटीकडे पाहतच म्हणाला.

कुळकायद्याने ती कसत असलेले भाताचे खाचर लवकरच तिच्या मालकीचे होणार होते. ‘जमीन तुझ्या नावावर करायची आहे,’ असे सांगून श्रीनिवासच्या वडिलांनी, दादांनी, एका कागदावर तिची सही घेतली आणि तिला कचेरीत नेले.

“सही तुझीच ना?” साहेबांनी विचारले.

“व्हय, माझीच. भाऊंनी शिकवली.”

“अंगठा असता तर शंभर प्रश्न विचारावे लागले असते,” कारकून हसला. “ही तर शिकलेली बाई.”

शिक्का बसला. बायजाने आपले खाचर आपखुशीने मालकाला परत केले, असे त्या कागदात लिहिले होते.

दादांनी तिच्याबरोबर आपल्यालाही फसवले, अशी श्रीनिवास कित्येक दिवस स्वतःची समजूत घालत राहिला.



बायजाला पहिले अक्षर गिरवायला दिले, त्याच्या आदल्या दिवशीच तो कागद त्याने स्वतःच्या हाताने लिहून ठेवला होता.