पास झालेल्यांची टोपी

हेल्मीबाईंनी खोक्यातून पांढरी टोपी काढली आणि दोन्ही हातांनी त्र्यंबकरावांच्या डोक्यापर्यंत नेली.

एक मेची दुपार. अमेरिकेतल्या नेपरव्हिलला ऊन पडलं होतं, पण वारा बोचत होता. मागच्या अंगणात सून ऐनो आणि तिची आई हेल्मी, दोघींच्या डोक्यावर तशाच टोप्या. काळी पट्टी, पुढे सोनेरी बिल्ला. फिनलंडात शाळेची शेवटची परीक्षा पास झालं की ही टोपी मिळते, आणि दर एक मेला माणसं ती म्हातारपणापर्यंत घालतात, हे मुलाने, मिहीरने, सकाळीच सांगून ठेवलं होतं.

"बाबा, वाका की जरा! ऐनोच्या वडिलांची आहे, त्यांच्या माघारी खास तुमच्यासाठी आणलीय. मी सांगितलंय ऐनोच्या आईंना, बाबा त्या काळचे मॅट्रिक, फर्स्ट क्लास!"

हेल्मीबाई इंग्रजीत काही बोलल्या. मिहीर हसला. "म्हणतायत, नापास डोक्यावर ही कधी बसली नाही."

त्र्यंबकराव एक पाऊल मागे सरले. गेलेल्या माणसाची टोपी.

"मिहीर, मी नापास आहे."

"काय बाबा, चेष्टा..."

"तीनदा बसलो. तिन्हीदा गणितात गेलो."

मिहीरचं हसू मावळलं. "बारावीला मला गणितात कमी पडले, तेव्हा तुम्ही महिनाभर माझ्याशी बोलला नव्हतात."

"हो."

हेल्मीबाईंचे हात टोपीसकट तसेच हवेत. बायकोकडे, शोभनाबाईंकडे, बघायचं त्र्यंबकरावांना धैर्य होईना. तिलाही त्यांनी जन्मभर हेच सांगितलं होतं.

शोभनाबाई खुर्चीतून उठल्या.

"मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "मिहीर, हेल्मीबाईंना सांग, मी पास आहे. एकसष्ट टक्के."

"तू?" त्र्यंबकरावांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. "तुझ्या वडिलांनी तर सातवी सांगितली होती!"

"तुमच्या आईंनी सांगायला लावली. म्हणाल्या, आमच्या मुलाला कळता कामा नये, खचेल तो."

मग त्या हेल्मीबाईंसमोर गेल्या आणि मान वाकवली. टोपी मोठी होती, पार भुवयांपर्यंत आली. वाऱ्याने उडू नये म्हणून त्यांनी ती दोन्ही हातांनी दाबून धरली.