राहीबाईचा अंगठा

राहीबाईचा अंगठा काही उमटेना. कचेरीतल्या बाईंनी मशीनची काच पदराने पुसली, तिचं बोट धरून स्वतः दाबलं. मशीनचा दिवा आपला तांबडाच. शाई लावून पाहिली, तर कागदावर नुसता काळा डाग. रेघ म्हणून एक दिसेना.

"मावशी, हाताला काय केलंत?"

राहीबाईने हात पदराखाली घेतला. उत्तर तिच्या भावाने दिलं, तुळशीरामने, तेही दातओठ खात. "आठ दिवस माझ्या पोरीच्या नादाला लागून साबणाच्या पाण्यात लोकर चोळतेय. मेंढीची लोकर! या वयात!"

"मग चार दिवस हात कोरडे ठेवा आणि या," बाई म्हणाल्या.

तुळशीरामने हक्कसोडीचा कागद पिशवीत कोंबला. दिघाशी गावातली वडिलांची जमीन त्याला गोडाऊनवाल्याला विकायची होती. तिच्यात बहिणीचा हिस्सा होता. तिने अंगठा दिला की जमीन मोकळी. आणि त्याच जमिनीवर त्याची लेक निशा लोकरीचा नमदा, म्हणजे न विणता नुसतं चोळून केलेलं जाड कापड, करायला शिकवायची, वर्कशॉप घ्यायची. तिने बापाशी भांडून पाहिलं, रडून पाहिलं. बाप ढिम्म. राहता राहिली आत्या. पण आत्या कसली बोलतेय! भावाला 'न्हाय' म्हणणं तिला जन्मात जमलं नव्हतं. गावातल्या ज्या बहिणींनी अंगठा अडवला, त्यांच्या दारी भाऊबिजेला भाऊ फिरकला नाही, हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं.

कागद तयार होईस्तोवर ती टेमघरच्या सासरहून माहेरी राहायला आली आणि वेळ जाईना म्हणून निशाजवळ बसली. नवऱ्याची सगळी हयात लूमवर कापड विणण्यात गेलेली. धाग्यावाचून कापड होतं, हे तिला पटेचना. भातकापणीनंतर घाटावरून धनगर यायचे, शेतात मेंढ्या बसवायचे आणि कातरलेली लोकर बांधावर टाकून जायचे. निशा तीच धुऊन, पिंजून एक थर आडवा, एक थर उभा असा चटईवर पसरायची, वर साबणाचं गरम पाणी शिंपडायची. राहीबाईने पहिल्या दिवशी ती चादर धुवावी तशी घासली. लोकरीचे नुसते गोळे झाले.

"आत्या, जोर नको लावूस. हळू हात फिरव. केस आपोआप एकमेकांना धरतात."

दुसऱ्या दिवशी केसांनी एकमेकांना धरलं. राहीबाईने दोन्ही हातांनी ओढून पाहिलं, सुटेना.

"अगो बाय, हे आता तुटायचं न्हाय!" म्हणत ती केवढ्यांदा हसली. इतकं हसून तिला वर्षं झाली होती.

कचेरीतून परतताना रिक्षात तुळशीरामने दम भरला, "चार दिवस पाण्यात हात घालायचा न्हाय. भांडीपण न्हाय घासायची." राहीबाईने मान हलवली. घरी निशा डोळे पुसत म्हणाली, "माझ्यामुळे तुला बोलणी बसली गं. आता लोकरीला हात नको लावूस." राहीबाईने तिलाही मान हलवली. मग ती बराच वेळ आपला गुळगुळीत अंगठा न्याहाळत बसली.

पाचव्या दिवशी सकाळी तुळशीराम रिक्षा घेऊन शेतावर आला. राहीबाई चटईपुढे बसली होती. कोपरापर्यंत फेस.

"बाय! तुला काय सांगितलं होतं मी?"

वर बघायची तिची हिंमत झाली नाही, पण हात चालूच राहिला.

"अंगठा देते ना, दादूस. तुला कधी न्हाय म्हटलंय मी? हे काम सरू दे, रेघा येऊ दे."

"आणि कधी सरणार हे काम?"

बांधापलीकडे धनगरांनी लोकरीचा नवा ढीग टाकला होता. राहीबाईने तिकडे पाहिलं आणि चटईवर थोडं गरम पाणी ओतलं.

"मेंढ्या तर दरसाल येतात, दादूस."